चोवीसचा करंट

"बाबा, लहान गाडीले ट्रकचा करंट देला तं काय होते?"

हा प्रश्न विचारायची पैज निकिता आणि उर्वशीनं काल शाळेच्या नळावर, ओंजळीनं पाणी पिता पिता लावली होती. "लय हुशार समजते ना सोताले? मंग इचारून दाखव घरी," निकिता म्हणाली होती, आणि उर्वशी नुसतीच हसली होती, आणि ते नुसतं हसणंच मैत्रेयीला जास्त झोंबलं होतं. पैज लागली म्हणजे लागली. गणिताच्या सरांची फळ्यावरची चूक भर वर्गात दाखवायची असो की गॅदरिंगमध्ये माईक हिसकून घ्यायचा असो, गेल्या चार महिन्यांत मैत्रेयी कशालाच मागे हटली नव्हती. नववीपर्यंत तोंडातून शब्द न फुटणारी पोरगी दहावीत आल्याबरोबर अशी काही बोलायला लागली होती, की आई म्हणायची, हिच्या घशातलं बूच कोनं काढलं बाप्पा. पण आता सकाळी साडेसातला, पोह्यांची ताटली मांडीवर घेऊन, तो प्रश्न तोंडातून निघून गेला आणि लगेच तो परत ओढून घ्यावासा वाटला. निघून गेलेला प्रश्न स्वयंपाकघर ओलांडून, मोरीवरून, आरशापर्यंत जाताना तिला अक्षरशः दिसला.

बाबा आरशासमोर अर्ध्या गालाला फेस लावून उभे होते. त्यांनी वस्तरा थांबवला नाही. "काय होते म्हंजे? ज्याच्या पोटात चार पोळ्या मावतात त्याले आठ कोंबल्या तं काय होईन?" मग वस्तरा पाण्यात खळबळून म्हणाले, "काहून व?"

"विज्ञानात येऊ शकते म्हने. सर म्हनले."

"दहावीच्या पेपरात?"

"हो."

एक खोटं सांगायला गेलं की त्याच्या मागे दुसरं आपोआप येऊन उभं राहतं, राशनच्या रांगेतल्यासारखं. बाबांनी दुसरा गाल वर केला आणि छताकडे बघत, जसं काही स्वतःशीच, म्हणाले, "डॉक्टर मॅडमच्या गाडीचं मलेबी तसंच वाटून राह्यलं. कोनंतरी चोवीसचा करंट देला तिले." आई कौसल्या तव्यावरची पोळी उलटवत होती, तिचा हात थांबला की नाही, हे मैत्रेयीनं पाहिलं नाही. तिनं ताटलीतले शेंगदाणे मोजायला सुरुवात केली. अकरा होते.

मंगळवार. आज गुरुवार, म्हणजे दोनच दिवस, पण मंगळवार तिच्या अंगावर असा बसला होता की जणू त्याच्या आधी कुठला वारच नव्हता. मंगळवारी शाळा दुपारीच सुटली, सरांचं कसलं तरी प्रशिक्षण. बाबा राजूरला खाणीवर एका टिप्परची वायरिंग बघायला गेलेले, आई मागच्या खोलीत निजलेली. दुकान उघडंच, कारण दुकान म्हणजे घराचाच पुढचा भाग, आणि वणीच्या चंद्रपूर रोडवर भीमराज इलेक्ट्रिशियनचं शटर दिवसा पडलेलं कोणी पाहिलेलं नाही. निकिता आणि उर्वशी पुस्तक न्यायच्या निमित्तानं आलेल्या. आणि दुकानासमोर डॉक्टर मॅडमची ती गाडी. पांढरी, धुतलेली, कोळशाच्या त्या काळ्या रस्त्यावर अशी दिसायची की जणू कोणी चुकून दुधाचं पातेलं ठेवून गेलं. हॉर्न अधूनमधून वाजत नव्हता म्हणून ड्रायव्हर हरिसिंगकाका ती ठेवून गेला होता. चावी दुकानातल्या खिळ्याला अडकवून, "याडी, मी बजारातून सलाईनची पेटी घेऊन येतो व," असं सांगून. तांड्यावर आईला याडी म्हणतात. हरिसिंगकाका मैत्रेयीला पहिल्या दिवसापासून याडीच म्हणायचा, आणि पन्नाशीच्या माणसानं आई म्हणून हाक मारली की तिला उगाच दोन इंच उंच झाल्यासारखं वाटायचं.

ही गाडी म्हणजे वणीतलं नवल होतं. क्लचचा पायच नाही आणि म्हणे आत दोन क्लच! बाबांनीच समजावलं होतं, हाताच्या दोन मुठींनी: "हे पाह्य, या मुठीत एक, तीन, पाच. या मुठीत दोन, चार, सहा. गाडी पह्यल्यात धावून राह्यली असते, तवाच दुसरा गिअर गुपचूप दातात दात घालून तयार बसलेला असते. याची मूठ सुटली की त्याची धरते. आतल्या मानसाले झटकाबी नाही लागत." आणि हे सगळं ठरवणारा कोण, तर ॲल्युमिनियमच्या डब्यातलं एक डोकं, बॅटरीच्या तळाशी, गिअरबॉक्सच्या खांद्यावर बसलेलं. मैत्रेयीला ते इतकं आवडलं होतं की तिनं ते वर्गात चार जणींना सांगितलं, आणि म्हणूनच तर निकिता म्हणाली, "मंग बसून दाखव ना तिच्यात."

बसल्या. तिघी बसल्या. चावी अर्धी फिरवली, वाऱ्याचं बटण दाबलं, गाणी लावली. ऑक्टोबरचं वणीतलं ऊन आणि आत ते वाऱ्याचं, नव्या कव्हरचा वास असलेलं दुसरंच गाव. इंजिन बंद आहे, सगळा भार बॅटरीवर आहे, हे तिला माहीत नव्हतं असं कसं म्हणावं? तिसरीपासून दुकानात मीटर धरणारी पोरगी ती. माहीत होतं. पण उर्वशी म्हणाली, "अजून एक गानं," आणि मैत्रेयी म्हणाली, "दोन आयक." पाऊण तासानं गाण्यातला बाईचा आवाज पुरुषाचा झाला, मग घोगरा झाला, मग काटे विझले. निकिता दारातून बाहेर उडी मारून रस्ता बघायला लागली. "हरिसिंग येईन व! आता येईन!" समोर फकिराभाऊचा टिप्पर उभा होता, फकिराभाऊ खानावळीत जेवत होता. आणि दुकानाच्या भिंतीला एका बॅटरीवरून दुसरीला करंट द्यायची, जम्परची जाड केबल टांगलेली होती.

टिप्परला दोन बॅटऱ्या असतात, एकीला एक जोडलेल्या. दोघींच्या दोन टोकांवरून घेतलं की चोवीस. एकीवरूनच घेतलं की बारा. कोळशाच्या गावात रोज कोणीतरी कोणाला धक्का देत असतो, आणि बाबा प्रत्येकाला सांगतात, "एकीवरूनच घ्या बापा, एकीवरूनच." हे वाक्य तिनं इतक्या वेळा ऐकलं होतं की झोपेतही म्हटलं असतं. पण टिप्परच्या बॅटरीपेटीत कोळशाच्या काळ्या लोण्याखाली कुठली बॅटरी कुठं संपते ते दिसत नव्हतं, आणि निकिता ओरडत होती, आणि उर्वशी हसत होती, आणि मैत्रेयीला त्या हसण्याला दाखवून द्यायचं होतं. तिनं केबलचे दोन चिमटे गाडीच्या बॅटरीला लावले, मग टिप्परकडचा लाल या टोकाला लावला आणि काळा त्या टोकाला. गाडीच्या नाकाडाखालून एकच आवाज आला. टप्. कढईत लाही फुटते तसा, एवढासा. मागून वास: गरम प्लास्टिकचा, आणि त्यात थोडा माशांसारखा.

तिनं केबल काढली, गुंडाळली, होती तशी टांगली. हात इतके शांत होते, की नंतर तिला त्या हातांचीच भीती वाटली.

हरिसिंगकाका आला, चावी फिरवली. काटे लागले, पण जिथं गिअरचं अक्षर दिसतं तिथं काहीच नाही, फक्त लाल दिवा. सेल्फ मारायला तयारच नाही. तो उतरला, बॉनेट उघडून उगाच आत पाहिलं, मग टोपी काढून डोकं खाजवलं आणि म्हणाला, "सकाळी तं पाखरावानी पळाली व, याडी." याडी म्हणाली, "बॅटरी उतरली असन, काका."

ते वर्ष कापसाचं नव्हतं. बोंड वरून हिरवंगार, फोडलं की आत गुलाबी अळी. लोक शेतात उभं राहून बोंडं फोडायचे आणि फेकायचे, फोडायचे आणि फेकायचे. त्या अळीवर मारायला माणसांनी दोन दोन औषधं एकत्र कालवली, पुरुषभर उंच पऱ्हाटीत शिरून फवारली, आणि मॅडमच्या दवाखान्यात व्हरांड्यापर्यंत खाटा लागल्या. डोळ्यांपुढे धुकं आलेली माणसं, ओकारीनं पिळून निघालेली. हरिसिंगकाकाच्याही तांड्यावर तीन एकर होतं. बायको रामीबाई वेचायला गेली की दुपारी ओटीत जेमतेम मूठ घेऊन परतायची. अठरा वर्षं कोळशाचे टिप्पर हाकल्यावर गेल्या वर्षी मॅडमनं त्याला आपल्या गाडीवर घेतलं होतं, आणि या वर्षी त्या घरात चूल पेटत होती ती त्या गाडीवर. हे मैत्रेयीला त्यानंच सांगितलेलं, कौतुकानं: पांढरा सदरा, गार हवा, "मी तं सायेब झालो व, याडी."

गुरुवारी दुपारी ती शाळेतून आली तेव्हा तो साहेब दुकानातल्या बाकावर बसला होता. सदरा तोच, पण आज इस्त्री नव्हती. डॉक्टर मॅडमचे मिस्टर सकाळी येऊन गेले होते. हे सर पुण्याचे, बोलताना आवाज चढवत नाहीत. नागपूरच्या वर्कशॉपनं फोनवरच सांगितलं होतं की डबा बदलावा लागेल, तीन आठवडे लागतील. तोवर मॅडम भाड्याच्या जीपनं गावोगाव फिरत होत्या. "टिप्परवाल्याच्या हातात नाजूक गाडी दिली की असंच होणार," सर बाकाकडे न बघता म्हणाले होते. "भीमराजभाऊ, तुम्ही उघडून पाहा. काय झालं ते मला कागदावर लिहून द्या. मग याचं काय करायचं ते ठरवू. तोपर्यंत हरिसिंग, तू येऊ नकोस."

"म्या हात नाही लावला सायेब," हरिसिंगकाका म्हणाला होता म्हणे. एकदाच. हे बाबांनी तिला सांगितलं आणि विचारलं, "मीटर धरतं का?"

नाही म्हणायला हवं होतं. डोकं दुखते, पेपर आहे, काहीही. पण मीटर हातात आला की तिच्यातली दुसरीच कोणीतरी जागी व्हायची. ती दुसरी बेशरम होती, तिला फक्त कळून घ्यायचं असायचं. गाडीची तीच बॅटरी चार्ज करून बसवली होती. बाबांनी स्कॅनर लावला. गाडीतली सगळी डोकी बोलली, इंजिनाचं, ब्रेकचं, एअरबॅगचं. गिअरबॉक्सचं तेवढं गप्प. "बोलत नाही," बाबा म्हणाले. "बोलाची वायर तुटली, नाही तं खायाची." त्यांनी बोलायच्या दोन तारा मोजायला लावल्या. साठ ओहम. बरोबर. मग फ्यूजची पेटी उघडली. हिरवा, तीस अँपिअरचा फ्यूज मधोमध जळालेला. नवा लावला, चावी फिरवली, टप्. तोच आवाज. "डब्याचा प्लग काढ आता," बाबा म्हणाले. तिनं काढला. नवा फ्यूज लावला. टिकला. आणि तिच्या तोंडातून, तिला विचारल्याशिवाय, बाहेर पडलं, "म्हंजे शॉर्ट वायरीत नाही. डब्यात हाये!"

बाबांनी तिच्याकडे पाहिलं, ते असे खुलले की तोंडावरची काळी रेघ मिशीपर्यंत वर गेली. "आयकलं का, हरिसिंग? वर्कशॉपवाल्याईले हे सांगाले दोन दिवस लागले." बाकावरून हरिसिंगकाका म्हणाला, "याडी इंजिनेर होईन." आणि ती खरंच सुखावली. एक क्षण, पुरता एक क्षण, ती फक्त हुशार होती. तिच्या आत कोणीतरी दोन्ही मुठी धरून बसलं होतं: एक मूठ फ्यूज, मीटर, शॉर्ट, शाबास अशी गरगरत होती, आणि दुसरीत ते वाक्य दातात दात घालून तयार बसलं होतं. पहिली सुटतच नव्हती.

कारण सुटली तर? आईला पहिल्यापासून हे दुकान पोरीसाठी नको होतं. "पोट्टी मीटर धरून ट्रकवाल्याईत उभी राह्यते, बरं दिसते का?" बाबा म्हणायचे, "माही पोट्टी हाये, मी हाये ना तथी." दहावीनंतर टेबलाशी तिची वेगळी खुर्ची, वेगळी सोल्डरिंग गन, हे ठरलं होतं. गिऱ्हाइकाच्या गाडीत मैत्रिणींना बसवून गाणी लावणाऱ्या, आणि मग ती गाडीच मारून टाकणाऱ्या पोरीला कोण खुर्ची देईल? ती खुर्ची अजून विकतही घेतली नव्हती, तरी तिचा लाल रेक्झिन तिला रोज दिसायचा.

शुक्रवारी डबा निघाला. त्याआधी बाबा बॅटरीचं टोक साफ करायला वाकले आणि थांबले. मैत्रेयी शेजारीच टॉर्च धरून होती. शिशाच्या त्या मऊ, करड्या खुंटावर चिमट्याच्या दातांचे ठसे होते: तीन दात, मध्ये रिकामी जागा, मग दोन दात. दुकानातल्या जम्परच्या लाल चिमट्याचा चौथा दात गेल्या दिवाळीपासून तुटलेला आहे, हे त्या घरात चिमणीलाही माहीत होतं. बाबा बघत राहिले. रस्त्यावरून एक भरलेला टिप्पर गेला, सगळ्या पान्यांना कंप सुटला, थांबला. मग बाबांनी खिशातून पॉलिश पेपर काढला आणि तो खुंट घासायला लागले, गोल गोल, हळू, खूप वेळ, तो चकचकीत होईपर्यंत. "कार्बन बसला व्हता," ते म्हणाले. कार्बन नव्हता. टॉर्चचा प्रकाश हलत होता आणि त्यांनी एकदाही "नीट धर" असं म्हटलं नाही.

डबा टेबलावर आला. कडेचं चिकट गरम हवेनं मऊ करून बाबांनी झाकण उचललं. आत पारदर्शक मऊ थर, आणि त्याखाली हिरवं गाव, रस्ते, गल्ल्या, काळी चौकोनी घरं. वेशीशीच, जिथून करंट आत येतो तिथं, हरभऱ्याच्या डाळीएवढा एक काळा तुकडा मधोमध चिरलेला. मीटर लावला: पीं. थांबेचना. "हा पाहारेकरी," बाबा म्हणाले. आवाज नेहमीसारखाच समजावणीचा, पण ते तिच्याकडे बघत नव्हते. "जास्त करंट आला की हा सोता आडवा पडते, सगळं आपल्या अंगावर घेते. तो मेला म्हून आतलं वाचलं." त्यांनी तो काढला. मीटर गप्प झाला. टिप्परच्या एका जुन्या भंगार डब्यात तसाच तुकडा दिसला म्हणून मैत्रेयीनं पुढं केला, तर म्हणाले, "ट्रकचा नाही चालत. तो छत्तीसपरेंत झोपून राह्यते. याले बाराचाच जागता लागते. नागपूरहून बलवतो, एसटीच्या पार्सलनं येईन सोमवारी."

हरिसिंगकाकाला रिकामं बसवत नव्हतं. गाडी चालत नाही तर निदान आतून पुसावी म्हणून तो फडकं घेऊन शिरला होता. मैत्रेयी पेचकस शोधायला बाहेर आली तेव्हा तो मागच्या दारातून उतरला, तळहात पुढं केला. तळहातावर केसांची पिन. निळी, फुलपाखराची, एक पंख तुटलेली.

"सीटखाली सापडली व. तुही असन."

पिन तिचीच होती. तिच्या वेणीवर दुसरं फुलपाखरू त्या क्षणीही बसलेलं होतं. तिला ते केसांच्या मुळांशी जाणवलं, जसं काही ते पंख हलवतंय. हरिसिंगकाका तिच्या केसांकडे बघत नव्हता. तो फक्त तिच्या तोंडाकडे बघत होता, तेही रागानं नाही. एसटी सुटायच्या आधी खिडकीशी उभा राहिलेला माणूस आतल्या माणसाकडे बघतो, काही म्हणेल म्हणून, तसा.

"माही नाही," ती म्हणाली.

"असन मंग कोनाची," तो म्हणाला, आणि मूठ मिटून ती सदऱ्याच्या खिशात टाकली, आणि पुन्हा काच पुसायला लागला. बाहेरून. आतून झालीच होती.

रविवारी विहारात वंदना तिनंच सांगायची होती, तिचाच आवाज खणखणीत म्हणून गेल्या महिन्यापासून सगळ्यांनी तो मान तिला दिलेला. पहिलं शील, दुसरं, तिसरं. तिच्या मागून सगळे म्हणत होते, म्हातारे, बाया, लेकरं. "मुसावादा," ती म्हणाली आणि पुढचा शब्दच येईना. इतक्या वर्षांचा पाठ शब्द. मागचा घोळका क्षणभर थांबला, मग आईनंच तिसऱ्या रांगेतून तो शब्द उचलला, "वेरमणी," आणि वंदना पुढं गेली. खोटं बोलण्यापासून अलिप्त राहायचं हे आईनं म्हणून टाकलं होतं. घरी येताना आई म्हणाली, "घसा बसला का? गुळन्या कर." बस्स. पण चालताना तिनं मैत्रेयीचा हात धरला होता, लहान होती तेव्हा टिप्परच्या रस्त्यावर धरायची तसा, मनगटाच्या वर, घट्ट. आणि मैत्रेयीला एकाएकी वाटलं की या हाताला माहीत आहे. माहीत असून तो धरतोय. ते माहीत नसण्यापेक्षा भयंकर होतं.

सोमवारी पार्सल आलं. शाळा सुटताना निकितानं फाटकाशी गाठलं. "सांगतलं का व घरी?" "नाही." "मंग नोको सांगू. आमचं नाव येईन ना." उर्वशी आज हसत नव्हती, बुटाच्या टाचेनं मातीत खड्डा करत म्हणाली, "माह्या बापानं हरिसिंगले पाह्यलं काल. फकिरा म्हने टिप्परवर घेतो तुले, तं हा म्हने, आता माहे डोये रात्री नाही चालत, म्हून तं मॅडमकडे लागलो व्हतो." मैत्रेयी तिथून धावत सुटली. धावायचं काही कारण नव्हतं.

घरी पोचली तोवर नवा पहारेकरी बसला होता, झाकण चिकटवून डबा जागेवर, चारी बोल्ट आवळलेले. फ्यूज लावला. टिकला. स्कॅनरवर गिअरबॉक्स बोललं, आणि दांडीशेजारी ते अक्षर उजळलं. हरिसिंगकाकानं दोन्ही हात जोडून बॉनेटला नमस्कार केला. बाबा म्हणाले, "थांब, अजून नाही. डोकं बंद पडलं व्हतं. दोन्ही क्लच कुठी धरतात अन कुठी सोडतात, हे तिले परत शिकवा लागते. मैत्रू, बस सीटवर. पाय ब्रेकवर, हात मांडीवर. हलू नोको. पाय ढिला झाला तं पुन्हा पह्यल्यापासून."

ती त्याच सीटवर बसली. इंजिन चालू, काच बंद, समोर काचेपलीकडं हरिसिंगकाका उभा. बाबा शेजारी स्कॅनर मांडीवर घेऊन. पायाखालून आवाज यायला लागले: खट. लांब शांतता. खट खट. पहिला क्लच चाचपत होता, अंधारात दाराची कडी चाचपावी तसा. गाडीच्या अंगातून एक शहारा गेला, धरलं, सोडलं, धरलं. तिच्या पोटरीत वात यायला लागला. हरिसिंगकाका तिच्याकडे बघून मान हलवत होता, हां, हां, अशी, घाटात नव्या पोराला शिकवावं तशी. खिशाला एक बारीक फुगवटा होता. ती सदऱ्याच्या त्या चौकोनावरून नजर काढायला गेली आणि पाय ढिला पडला. स्कॅनर कोकलला. बाबा म्हणाले, "पुन्हा." रागावले असते तर बरं झालं असतं. पुन्हा. खट. या वेळी ती त्याच्याकडेच बघत राहिली, सरळ डोळ्यांत, आणि आश्चर्य म्हणजे पाय दगडासारखा स्थिर राहिला. पहिला झाला. दुसरा झाला. स्क्रीनवर हिरवी खूण आली, बाबांनी मोठा श्वास सोडला, आणि गाडी हरिसिंगकाकानं दुकानासमोरच पुढं घेतली, मागे घेतली, झटका नाही, आवाज नाही, लोण्यातून सुरी.

"चाय पी अन घेऊन जा," बाबा बाहेर म्हणाले, आणि आत येऊन दुकानाचं नाव छापलेला कागद घेतला. चुलीपाशी पाट, पाटावर बाबा, समोर आई. दिवे लागायची वेळ, बाहेर टिप्परांची रांग राजूरकडं लागलेली. बाबांनी लिहिलं, एकदा खोडलं, पुन्हा लिहिलं. मैत्रेयीनं खांद्यावरून वाचलं. अक्षर सुंदर होतं. 'गाडीस बाहेरून जास्त दाबाचा करंट मिळाल्याने गिअरबॉक्सचे कंट्रोल मॉड्यूल बंद पडले. दुरुस्त करून दिले. भीमराज.' बाकी काही नाही.

"कोनी देला, ते नाही लिव्हलं," ती म्हणाली.

"सरनं काय झालं ते इचारलं. कोनी केलं ते नाही इचारलं."

"सर समजतीन ना, काकानंच देला म्हून."

"समजू दे." बाबांनी पेनाला टोपण लावलं, पण ते नीट बसत नव्हतं. "मी हरिसिंगचं पाहीन कुठीतरी. दुकानात बसवीन. तुही दहावी हाये. उद्या गावभर झालं का भीमराजच्या पोट्टीनं गिऱ्हाइकाची गाडी जाळली, तं दुकानात कोन पाय ठेवन? तुले कोन हात लावू देईन गाडीले?"

आई कपात चहा गाळत होती. मान वर न करता म्हणाली, "त्या कागदात खोटं तं एक अक्षर नाही ना व, बाई."

तर दोघांनाही माहीत होतं. पॉलिश पेपरला माहीत होतं, मनगटावरच्या हाताला माहीत होतं, खिशातल्या फुलपाखराला माहीत होतं. सगळं गाव आपापली मूठ मिटून बसलं होतं, आणि सगळ्या मुठींत तीच. तिला रडू येईल असं वाटलं, पण आलं नाही. आलं ते वेगळंच: ब्रेकवरचा पाय दगडासारखा असताना आलं होतं ते. बाहेर हरिसिंगकाकानं हॉर्न वाजवून पाहिला. वाजला. ज्याच्यासाठी गाडी आली होती ते काम बाबांनी मधेच कधीतरी करून टाकलं होतं.

"बाबा, आई, आयका," ती म्हणाली. कागद तिनं बाबांसमोरून उचलला होता आणि दोन घड्या करून फाडला होता, फाडताना हात जराही शांत नव्हते. "दुसरा कागद द्या मले. मी लिव्हीन, माह्या अक्षरात. चोवीसचा करंट म्या देला, काकानं गाडीले हातबी नाही लावला, असं. अन तो द्याले मीच जाईन, आत्ताच, काकाच्या बाजूच्या सीटवर बसून. रस्त्यात पह्यले काकाले सांगीन, मंग मॅडमले अन सरले. निकिता-उर्वशीचं नाव नाही घेनार, चिमटे म्या लावले व्हते. दुकानात मले बसवाचं का नाही, ते तुमी मी वापस आल्यावर ठरवा. पन आत्ता तुमी दोघंबी माह्या संगं येऊ नोका."